मेंदूतल्या धमन्यांची ठेवण आणि ॲन्युरिझमचा धोका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआरआयचा रिपोर्ट हातात पडतो आणि डॉक्टरांची वेळ मिळते चार दिवसांनी. मधल्या चार दिवसांत लोक मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे असे रिपोर्ट लिहिणाऱ्यांपैकीच एक. ‘हायपोप्लास्टिक’, ‘फीटल ओरिजिन’, ‘इन्फंडिब्युलम’ हे शब्द आम्ही सहज लिहून जातो आणि वाचणाऱ्या घराची झोप उडते. म्हणून इथले बरेच प्रश्न त्या शब्दांचेच आहेत.

इथली उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या स्कॅनबद्दलचा निर्णय तो स्कॅन आणि तुम्ही, दोघंही ज्यांच्यासमोर आहात त्या डॉक्टरांचा.

१. ॲन्युरिझम म्हणजे नक्की काय? नस ब्लॉक होणं आणि हे एकच का?

नाही. ब्लॉक म्हणजे आतून वाट अरुंद होणं किंवा बंद होणं. ॲन्युरिझममध्ये वाट मोकळी असते, पण भिंत एका जागी कमकुवत होऊन बाहेर फुगते. सायकलच्या जुन्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तिथून फुगून बाहेर डोकावते, तसं. मेंदूतला नेहमीचा ॲन्युरिझम देठाला लटकलेल्या करवंदासारखा दिसतो. देठाच्या जागी त्याची मान असते आणि पुढे गोल पिशवी.

गोंधळात आपल्या भाषेचाही वाटा आहे. शीर, धमनी आणि चेतातंतू या तिन्हींना आपण ‘नस’च म्हणतो. ‘मानेची नस दबली’ यात चेतातंतू असतो, ‘हृदयाची नस ब्लॉक’ यात धमनी. या पानावर सगळीकडे धमनीबद्दल बोलणं आहे.

२. रिपोर्टमध्ये एसीए, एमसीए, पीकॉम अशी अक्षरं असतात. ती काय आहेत?

मेंदूला चार धमन्या रक्त पुरवतात. मानेच्या पुढच्या बाजूने दोन कॅरोटिड, मागून मणक्यांच्या छिद्रांतून चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. मागच्या दोघी कवटीत एकत्र येऊन एकच बॅसिलर धमनी होते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा-सहावा हिस्सा तोच घेतो. तेव्हा या चौघींवर भार मोठा असतो.

प्रत्येक कॅरोटिडचे वर गेल्यावर दोन फाटे होतात. मधल्या रेषेकडे जाते ती एसीए, कानाच्या दिशेने जाते ती एमसीए. बॅसिलरच्या टोकाला उजवी-डावी पीसीए निघते. दोन्ही एसीए एका आखूड नळीने जोडलेल्या असतात, ती एकॉम. कॅरोटिड आणि पीसीए यांना जोडणारी ती पीकॉम, प्रत्येक बाजूला एक. हे सगळं जोडलं की मेंदूच्या तळाशी एक कडं तयार होतं. त्याचं नाव सर्कल ऑफ विलिस.

हे नाव ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस यांच्यावरून आलं. 1664 साली छापलेल्या त्यांच्या ग्रंथात हे कडं नीट दाखवलं आहे. आकृत्या काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होते, पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल बांधणारे तेच. विलिस यांना एका मृतदेहात एक कॅरोटिड पूर्ण बंद झालेली दिसली, पण त्या माणसाला जिवंतपणी अर्धांगवायू झालेला नव्हता. दुसऱ्या वाटांनी त्या बाजूचं रक्त भागलं होतं. शहराच्या रिंग रोडचं काम हेच: एक रस्ता बंद पडला तर वळसा घालून पोचता यावं.

३. फुगा नेमका फाट्यावरच का येतो?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, म्हणून जरा सावकाश.

पाटाचं पाणी सरळ वाहतं तोवर दोन्ही काठ सुखरूप असतात. जिथे पाट दोन वाफ्यांकडे फुटतो, तिथे मधल्या मातीच्या नाकावर पाणी येऊन आदळतं आणि आधी ते नाक झिजतं. धमनी दुभंगते तिथेही रक्ताचा झोत दोन फांद्यांच्या बेचक्यात थेट आपटतो. झोत आदळून दोन्हीकडे वेगाने घसरत जातो आणि भिंतीच्या आतल्या अस्तराला घासतो. हे दिवसाला साधारण लाखभर वेळा होतं, कारण हृदय तितक्यांदा ठोका देतं. वर्षानुवर्षं हा मार सोसून काही लोकांच्या बेचक्यातला लवचिक पडदा विरतो, भिंतीतल्या स्नायुपेशी कमी होतात, आतून दाह सुरू होतो आणि तिथे उंचवटा येतो.

आता ठेवण इथे कशी येते ते पाहा. फाट्याचा कोन किती, दोन फांद्या सारख्या जाडीच्या आहेत की एक दांडगी आणि एक मरतुकडी, मूळ धमनी सरळ येते की वळण घेऊन, यावर झोत कुठे आणि किती जोराने आदळणार ते ठरतं. बॅसिलरच्या टोकाचा आणि एमसीएचा फाटा ज्यांच्यात जास्त फाकलेला असतो, त्यांच्यात तिथले ॲन्युरिझम अधिक आढळतात, असं मोजमापांतून दिसलं आहे.

पण मार सगळ्यांच्याच बेचक्यांना बसतो आणि फुगा थोड्यांनाच येतो. ठेवण जागा दाखवते. भिंत हार मानणार की नाही, ते इतर गोष्टी ठरवतात. त्या प्रश्न ११ मध्ये आहेत.

४. हातापायांतही फाटे आहेत. मग असे फुगे मेंदूतच का?

कवटीतल्या धमन्यांची भिंत वेगळी असते. शरीरात इतरत्र याच जाडीच्या धमन्यांना आत एक आणि बाहेर एक असे दोन लवचिक पडदे असतात. कवटीत शिरल्यावर बाहेरचा पडदा जवळजवळ नाहीसा होतो, मधला स्नायूंचा थर आणि बाहेरचं वेष्टणही पातळ होतं. शिवाय हातातल्या धमनीला भोवतालच्या मांसाचा आधार असतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या या धमन्या पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात, त्यांना बाहेरून टेकू नाही.

म्हणून फुटल्यावर रक्त त्या द्रवात पसरतं. त्याला सबॲरॅक्नॉइड हॅमरेज म्हणतात. ‘ब्रेन हॅमरेज’ या एका शब्दाखाली आपण जे सगळं घालतो, त्यातला हा एक प्रकार.

५. म्हणजे हा जन्मजात दोष आहे का?

फुगा बहुधा जन्मजात नसतो, मुलांमध्ये तो क्वचितच सापडतो. धमन्यांची ठेवण मात्र जन्माआधीच ठरलेली असते. ‘मला जन्मापासून होतं आणि कोणी सांगितलं नाही’ ही रुखरुख अनेकांना असते, तिला आधार नाही. फुगे साधारणपणे चाळिशी-पन्नाशीनंतर सापडू लागतात, पन्नाशीनंतर बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. जगभरचे अभ्यास एकत्र केले तर शंभर प्रौढांत साधारण तिघांना न फुटलेला ॲन्युरिझम असतो. त्यांतल्या बहुतेकांना तो कधीच कळत नाही आणि कधी फुटतही नाही.

६. माझ्या रिपोर्टमध्ये ‘उजवी ए-वन हायपोप्लास्टिक’ लिहिलंय. मला ॲन्युरिझम होणार का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. एसीएचा कॅरोटिडपासून एकॉमपर्यंतचा पहिला तुकडा म्हणजे ए-वन. हायपोप्लास्टिक म्हणजे वाढीतच बारीक राहिलेला. तो एका बाजूला बारीक असणं ही साधी गोष्ट आहे. माझ्या टेबलावर आठवड्यातून अनेकदा येते.

याचा ॲन्युरिझमशी संबंध आहे, आणि तो गणितासारखा सरळ आहे. दोन्ही ए-वन सारख्या असतील तर प्रत्येक जण आपापल्या बाजूचं रक्त नेते आणि मधल्या एकॉममधून फारसं काही वाहत नाही. उजवी ए-वन बारीक असेल तर डावीला दोन्ही बाजूंचं काम करावं लागतं. तिचा झोत जोरदार होतो, एकॉमपाशी येऊन दुभंगतो, अर्धा एकॉम ओलांडून पलीकडे जातो. एरवी निवांत असलेली गल्ली आता वर्दळीचा चौक झाली. ज्यांना एकॉमवर ॲन्युरिझम आहे त्यांच्यात ए-वन लहान-मोठ्या असणं इतरांपेक्षा कितीतरी अधिक सापडतं, त्याचं कारण हे. फुगाही बहुधा जाड ए-वनच्या झोताच्या दिशेने तोंड करून असतो.

आता उलट बाजूने पाहा. बारीक ए-वन असलेल्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. ‘एकॉमचा फुगा असलेल्यांत बारीक ए-वन पुष्कळ’ हे खरं आहे, म्हणून ‘बारीक ए-वन असलेल्यांत फुगे पुष्कळ’ असं होत नाही. या दोन वाक्यांतली गफलत सगळ्या घबराटीच्या मुळाशी आहे.

रिपोर्टमध्ये ॲन्युरिझम नाही असं लिहिलं असेल, तर केवळ ए-वन बारीक आहे म्हणून दरवर्षी स्कॅन करायची गरज नाही. घरात कोणाला हा आजार असेल तर प्रश्न १२ वाचा.

७. ‘फीटल पीसीए’ म्हणजे काय? गर्भाशी त्याचा काय संबंध?

गर्भात मेंदूच्या मागच्या भागाला रक्त कॅरोटिडकडून, पीकॉमच्या वाटेने मिळतं. पुढे बॅसिलर वाढते, ते काम आपल्याकडे घेते आणि पीकॉम बारीक होते. काहींच्यात ही बदली होतच नाही आणि जुनीच वाट मोठी राहते. तीच फीटल पीसीए. हा आजार नाही, गर्भावस्थेशी किंवा बाळंतपणाशीही त्याचा संबंध नाही. नाव वाचून एका बाईंनी मला विचारलं होतं की मुलाच्या वेळी काही बिघडलं का. नाही, ताई.

पीकॉम दांडगी असली की कॅरोटिड-पीकॉमचा फाटा खऱ्या अर्थाने वाहता फाटा होतो. त्यामुळे प्रश्न ६ मधलंच तर्कशास्त्र इथे लागू होतं, त्याच मर्यादांसह. पण ही गोष्ट रिपोर्टमध्ये लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे: पुढेमागे तिथल्या ॲन्युरिझमवर उपचार करावे लागले तर ही पीकॉम बंद करून चालत नाही. ती बंद झाली तर मेंदूच्या मागच्या भागाचा, म्हणजे दृष्टीच्या केंद्राचा, पुरवठाच तुटू शकतो.

८. ‘इन्कम्प्लीट सर्कल ऑफ विलिस’ लिहिलंय. कडं तुटलंय का?

पुस्तकातल्यासारखं पूर्ण, सगळीकडे सारख्या जाडीचं कडं निम्म्या लोकांतही सापडत नाही. पीकॉम बारीक किंवा न दिसणारी असणं तर सर्रास आहे. तुटलेलं काही नाही. एखादी मोठी धमनी अचानक बंद पडली तर पर्यायी वाट थोडी अपुरी पडेल, इतकाच त्याचा अर्थ.

९. कुठल्या जागेचा फुगा जास्त धोक्याचा?

फुगे सापडतात कुठे आणि फुटतात कुठे, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

एकूण ॲन्युरिझमपैकी दहातले साडेआठ-नऊ पुढच्या अर्ध्यात असतात: एकॉम, कॅरोटिड-पीकॉमचा फाटा, एमसीएचा फाटा. मागच्या अर्ध्यात कमी, आणि तिथे बॅसिलरचं टोक मुख्य.

फुटण्याचा हिशेब मांडायला फेजेस नावाची गुणपद्धती 2014 पासून वापरात आहे. त्यात फक्त जागेचे गुण असे आहेत: कॅरोटिडवर असेल तर 0, एमसीएवर 2, आणि एकॉम-एसीए, पीकॉम किंवा मागच्या धमन्यांवर असेल तर 4. रक्तदाबाचा 1, वय सत्तर किंवा अधिक असेल तर 1, आधी दुसरा ॲन्युरिझम फुटून रक्तस्राव झाला असेल तर 1. आकाराचे गुण 7 मिलिमीटरपासून सुरू होतात.

एक उदाहरण घेऊ. दोन बहिणी, दोघींना 5 मिलिमीटरचा फुगा, दोघी साठीच्या आतल्या, बीपी नाही. धाकटीचा एमसीएवर, तिचे गुण 2, पाच वर्षांत फुटण्याची शक्यता 0.4 टक्के. थोरलीचा एकॉमवर, तिचे गुण 4, शक्यता 0.9 टक्के. म्हणजे जागेने धोका दुपटीहून जास्त झाला, तरी तो शंभरात एकाच्या आत आहे. थोरलीला बीपी असता तर 1.3 टक्के.

या पद्धतीत फिनलंड आणि जपानच्या लोकांना वेगळे जास्तीचे गुण आहेत. भारतीयांसाठी वेगळा रकाना नाही, कारण ज्या अभ्यासांवरून ती बनली त्यात भारत नव्हता. तेव्हा दशांशचिन्हापुढचा आकडा फार मनावर घेऊ नका. तो तुलनेसाठी ठीक आहे. भविष्य म्हणून वाचायचा नाही.

१०. माझा फुगा 4 मिलिमीटरचा आहे. डॉक्टर म्हणतात ‘नुसतं लक्ष ठेवू’. पण इंटरनेटवर लिहिलंय की फुटलेले बहुतेक फुगे लहानच असतात!

दोन्ही खरं आहे, आणि त्यात विरोध नाही.

2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 7 मिलिमीटरपेक्षा लहान, पुढच्या अर्ध्यातले, आणि आधी कधी रक्तस्राव न झालेल्यांचे फुगे पाच वर्षांत फुटलेच नाहीत. याच आकाराचे मागच्या अर्ध्यातले किंवा पीकॉमवरचे 2.5 टक्के फुटले. 7 ते 12 मिलिमीटरला हेच आकडे 2.6 आणि 14.5 टक्के झाले. या अभ्यासावर टीकाही झाली, कारण डॉक्टरांना जे धोक्याचे वाटले त्यातल्या अनेकांवर आधीच उपचार झाले होते. ‘लहान फुटतच नाहीत’ असा त्याचा अर्थ कोणीही काढू नये. 2012 सालच्या जपानी अभ्यासात सगळे आकार मिळून वर्षाला 0.95 टक्के फुटले.

मग फुटलेल्यांत लहान जास्त का? समजा एका जिल्ह्यात लहान फुगे असलेले दहा हजार लोक आहेत आणि मोठे असलेले दोनशे. लहानांतले वर्षाला हजारात तीन फुटले तर तीस रुग्ण, मोठ्यांतले शंभरात पाच फुटले तर दहा. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. इस्पितळात दिसतील तीस लहान आणि दहा मोठे. तरी ज्याच्या डोक्यात मोठा आहे, त्याचा धोका कितीतरी अधिक.

लक्ष ठेवणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. बहुधा सहा महिने ते वर्षाने पुन्हा स्कॅन, मग अंतर वाढवत. वाढत असलेला फुगा स्थिर असलेल्यापेक्षा धोक्याचा, आणि आकार गुळगुळीत नसून त्यावर आणखी एक छोटं टेंगूळ असेल, ज्याला डॉटर सॅक म्हणतात, तर मिलिमीटर कमी असूनही विचार बदलतो. जुन्या स्कॅनची सीडी जपून ठेवा. नुसता कागद आमच्या काही कामाचा नाही. दोन चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय वाढ कळत नाही.

११. ठेवण तर बदलता येत नाही. मग माझ्या हातात काय?

सिगारेट-बिडी आणि रक्तदाब. बदलता येण्यासारख्या कारणांत या दोहोंचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. फुगा तयार होण्यातही आणि फुटण्यातही. अति मद्यपान तिसरं. माझं स्पष्ट मत: ए-वन बारीक आहे म्हणून रात्रभर जागणारा आणि त्या जागरणात तीन सिगारेटी ओढणारा माणूस चुकीच्या गोष्टीची काळजी करतोय.

बीपीची गोळी ‘आता नॉर्मल आलंय’ म्हणून बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.

१२. आईला ॲन्युरिझम फुटला होता. आम्हा भावंडांची तपासणी करावी का?

आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं अशा सख्ख्या नात्यात दोन किंवा अधिक जणांना झालं असेल तर बाकीच्यांनी एमआर अँजिओ, म्हणजे धमन्या दाखवणारा एमआरआय, करून घ्यावा, यावर सर्वसाधारण एकमत आहे. एकालाच झालं असेल तर धोका थोडा वाढलेला असतो, पण सरसकट सगळ्यांची तपासणी सहसा सुचवत नाहीत. तिथे वय, सिगारेट, बीपी पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

किडनीत गाठी-पिशव्या होण्याचा आनुवंशिक आजार, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी, असेल तर प्रमाण साधारण दहात एक इतकं होतं. महाधमनी जन्मतः आवळलेली असणं आणि एहलर्स-डॅनलॉसचा रक्तवाहिन्यांचा प्रकार हीही कारणं आहेत. यांत भिंतच मुळात कच्ची असते किंवा दाब जास्त असतो, त्यामुळे फाट्याची ठेवण कशीही असली तरी फुगा येऊ शकतो.

तपासणीआधी एकदा स्वतःला विचारा: 2 मिलिमीटरचं काहीतरी सापडलं आणि डॉक्टर ‘काही करायचं नाही’ म्हणाले, तर मी ते घेऊन शांतपणे जगू शकेन का? काहींना जमतं. काहींना खरंच जमत नाही.

१३. एमआर अँजिओत ‘ॲन्युरिझम किंवा इन्फंडिब्युलम’ लिहिलंय. दोन्ही कसं असेल?

दोन्ही नाही, दोहोंपैकी एक. पीकॉम जिथून निघते तिथे कधी कधी नरसाळ्यासारखा रुंद भाग असतो. नरसाळं 3 मिलिमीटरपर्यंतचं, निमुळतं होत गेलेलं आणि पीकॉम बरोबर त्याच्या टोकातून निघालेली असेल तर ते इन्फंडिब्युलम, म्हणजे ठेवणीतला निरुपद्रवी फरक. पीकॉम बाजूने निघत असेल आणि पिशवी वेगळी असेल तर ॲन्युरिझम. बारीक पीकॉम एमआरमध्ये दिसतच नाही तेव्हा आमची पंचाईत होते आणि आम्ही ‘किंवा’ लिहितो. मग सीटी अँजिओ, आणि तरी शंका राहिली तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून डीएसए. जास्त खात्रीची तपासणी तीच; पण तिला स्वतःचा थोडा धोका आहे, म्हणून उठसूट करत नाहीत.

१४. फुटायच्या आधी काही कळतं का?

बहुतेकदा नाही. एक अपवाद पाठ करून ठेवा, कारण तो निव्वळ ठेवणीमुळे घडतो. डोळा हलवणारी आणि पापणी उचलणारी तिसरी चेतातंतू-जोडी पीकॉमच्या अगदी शेजारून जाते. तिथला फुगा वाढला की तिला दाबतो. मग एका बाजूची पापणी पडते, दोन-दोन दिसतं, आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी राहते. बाहुली लहान करणारे तंतू त्या चेतातंतूच्या पृष्ठभागावर असल्याने बाहेरून आलेला दाब आधी त्यांना लागतो. मधुमेहातही पापणी पडू शकते, पण तिथे बाहुली बहुधा वाचते.

पापणी अचानक पडली आणि बाहुली मोठी दिसली तर त्याच दिवशी इस्पितळ. डोळ्याच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेऊन बसू नका. 1937 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी यांनी ॲन्युरिझमच्या मानेवर पहिल्यांदा क्लिप, म्हणजे मान बाहेरून बंद करणारा चिमटा, लावली, तो रुग्णही असाच पापणी पडून आला होता.

१५. डोकं तर सगळ्यांचंच दुखतं. धावायचं कधी?

दुखणं मिनिटभरात शिखर गाठतं तेव्हा. वीज कोसळावी तसं, ‘असं आयुष्यात कधी दुखलं नाही’ असं. सोबत उलटी, मान आखडणं, क्षणभर शुद्ध हरपणं. आपल्या घरांत डोकं दुखून उलटी झाली की ‘पित्त उसळलं’ म्हणून आलं-लिंबू देऊन झोपवतात. पित्ताचं किंवा अर्धशिशीचं दुखणं चढत जातं. हे दाणकन येतं. 108 ला फोन करा. पहिल्या सहा तासांत केलेला सीटी स्कॅन हा रक्तस्राव क्वचितच चुकवतो. उशीर होत जातो तसं रक्त विरतं आणि मग पाठीतलं पाणी काढून पाहावं लागू शकतं.

१६. शीर्षासन, कपालभाती, जिम, विमानप्रवास चालेल का?

2011 साली नेदरलँड्समध्ये रुग्णांना विचारून केलेल्या एका अभ्यासात फुटण्याच्या आधीच्या क्षणांत कॉफी, कोला, जोराचा व्यायाम, शौचाला कुंथणं, नाक शिंकरणं, संभोग, दचकणं आणि राग ही कारणं समोर आली. यादी वाचून हसू येतं, कारण मग जगायचं कसं? यातला सामायिक धागा क्षणभर चढणारा रक्तदाब हा आहे. न फुटलेल्या लहान फुग्याच्या रुग्णाला चालणं, साधा व्यायाम, विमान हे बहुधा चालतं. श्वास कोंडून जड वजन उचलणं आणि शीर्षासन मी स्वतः टाळायला सांगते. बद्धकोष्ठतेवर मात्र जरूर उपाय करा.

१७. क्लिप की कॉइल हे कशावरून ठरतं? पैशावरून?

कधी कधी तेही, हे नाकारून उपयोग नाही. कॉइल, म्हणजे नळीवाटे आतून फुग्यात भरायची बारीक तार, आणि स्टेंट महाग असतात. सरकारी योजनेत बसतं का ते दाखल होण्याआधी इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पण आधी ठेवण पाहतात. बॅसिलरचं टोक कवटीच्या खोल गाभ्यात आहे, भोवती केसासारख्या बारीक धमन्या आहेत, म्हणून तिथे आतून कॉइल भरणं सोयीचं. एमसीएचा फाटा बाहेरच्या बाजूला, सर्जनच्या हाताशी असतो. त्याची मान बऱ्याचदा रुंद असते आणि फांदी फुग्याच्या बुडातूनच निघते, म्हणून तिथे क्लिपला आजही मान आहे. कॅरोटिडच्या लांब भिंतीवरच्या रुंद फुग्यांसाठी फ्लो डायव्हर्टर, म्हणजे दाट विणीची जाळी, धमनीतच बसवतात. झोत सरळ पुढे जातो आणि फुग्यातलं रक्त साकळतं. प्रश्न ३ मधलं पाटाचं उदाहरण आठवा: नाकाला माती थापण्याऐवजी पाण्याची दिशाच बदलली. जाळी किंवा स्टेंट बसवल्यावरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने एक दिवसही थांबवायच्या नाहीत.

१८. माझा ‘कॅव्हर्नस’ कॅरोटिडवर आहे, 9 मिलिमीटर. शेजाऱ्यांच्या 6 मिलिमीटरचं ऑपरेशन झालं आणि मला थांबा म्हणतात. असं कसं?

तुमचा फुगा मेंदूच्या आवरणाच्या बाहेर आहे. तिथे कॅरोटिड हाडाशेजारच्या शिरांच्या जाळ्यातून जाते. तो फुटला तरी रक्त मेंदूभोवती सहसा पसरत नाही, त्या शिरांत शिरतं. तेव्हा डोळा लाल होतो, पुढे येतो, कानात धकधक ऐकू येते. त्यावर उपचार आहेत. फार मोठा होऊन डोळ्याच्या चेतातंतूंना दाबू लागला तर वेगळा विचार. प्रश्न १० मधले मिलिमीटरचे आकडे इथे लावू नका.

१९. माझा फुगा फाट्यावर नाहीच, सरळ धमनीवर किंवा अगदी टोकाला आहे. मग कारण काय?

मग ठेवण बाजूला ठेवून भिंतीचा आजार शोधावा लागतो. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून रक्त भिंतीत घुसतं, तो डिसेक्शनचा प्रकार व्हर्टिब्रलवर विशेष दिसतो. कॅरोटिडच्या वरच्या भिंतीवर फोडासारखा, मान नसलेला ब्लिस्टर प्रकार लहान असून अत्यंत नाजूक असतो. लांबच्या बारीक फांद्यांवर असेल आणि ताप असेल, किंवा हृदयाची झडप आधीपासून खराब असेल, तर झडपेवरच्या जंतुसंसर्गाचे कण तिथे अडकले आहेत का ते पाहतात. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप खराब झालेले रुग्ण आपल्याकडे अजून आहेत, म्हणून हे विसरून चालत नाही. या प्रकाराला 1885 मध्ये ऑस्लर यांनी ‘मायकॉटिक’ म्हटलं आणि नावावरून बुरशी वाटते, पण दोष बहुधा बॅक्टेरियांचा असतो.

वर्षानुवर्षांच्या बीपीने मेंदूच्या खोल भागातल्या अगदी बारीक धमन्या फुटून होणारा रक्तस्राव हा आणखी निराळा आजार. त्या इतक्या बारीक असतात की एमआर अँजिओत दिसत नाहीत, तेव्हा ‘अँजिओ नॉर्मल होता, मग हॅमरेज कसं?’ याचं उत्तर अनेकदा तिथे असतं.

२०. एक बंद केला. आता दुसरीकडे होईल का?

तीन ते पाच रुग्णांमागे एकाला मुळातच एकाहून अधिक फुगे असतात, म्हणून पहिल्याच वेळी सगळं कडं तपासतात. नवा फुगा पुढे येऊ शकतो, सिगारेट चालू ठेवणाऱ्यांत आणि बीपी मोकाट असणाऱ्यांत अधिक.

एक खास परिस्थिती आहे. काही मोठ्या फुग्यांसाठी एका बाजूची कॅरोटिड कायमची बंद करतात. त्याआधी टोकाला बलून असलेल्या नळीने ती थोडा वेळ बंद करून मेंदू भागवतो का ते पाहतात. भागलं, कारण कड्याने काम केलं. पण आता दुसऱ्या कॅरोटिडचं रक्त एकॉम ओलांडून दोन्ही बाजू सांभाळतं, म्हणजे प्रश्न ६ मधली स्थिती आपण हाताने तयार केली. अशा रुग्णांमध्ये काही वर्षांनी एकॉमवर नवे फुगे आलेले नोंदले गेले आहेत. तुमची कॅरोटिड अशी बंद केलेली असेल, तर दहा वर्षं ठणठणीत गेली तरी ठरलेल्या स्कॅनला जा, आणि नव्या गावात नवे डॉक्टर असतील तर ही गोष्ट त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.